महिमा नवाचा की दहाच्या पायाचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत, मुलांसाठी राखलेल्या पानांवर आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत ९ या संख्येचा महिमा सांगणारा मजकूर वरचेवर वाचायला मिळतो. नवाच्या पाढ्यातील संख्यांच्या अंकांची बेरीज करत गेले की शेवटी ९ च उरतात, कोणत्याही संख्येतून तिच्याच अंकांची बेरीज वजा केली की उरलेल्या संख्येला ९ ने भाग जातो, संख्येचे अंक उलटे लिहून वजाबाकी केली तरी उत्तर नवाच्याच पटीत येते, ही सारी निरीक्षणे खरी आहेत. परंतु त्यांवरून ९ ही संख्या मुळातच इतर संख्यांहून निराळी आणि दैवी आहे असा जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे, आणि कोवळ्या वयात तो मनात बसला की पुढे निघणे कठीण जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे गणित शिकवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की संख्येचा स्वतःचा गुण कोणता आणि ती लिहिण्याच्या रीतीतून आलेला गुण कोणता, हा भेद मुलांना आठवी-नववीतच कळला पाहिजे. त्यासाठी दशमान पद्धतीच्या बाहेर एकदा तरी पाऊल टाकावे लागते, आणि या कामी अष्टमान पद्धतीइतकी सोयीची पद्धत मला दुसरी दिसत नाही.

अष्टमान पद्धतीत ० ते ७ हे आठच अंक असतात, म्हणून आठ हा तिचा पाया. आठ ही संख्या तेथे १० अशी लिहितात, आणि उजवीकडून डावीकडे जाताना स्थानांच्या किमती एक, आठ, चौसष्ट, पाचशे बारा अशा आठपटीने वाढत जातात. घोटाळा होऊ नये म्हणून या पत्रात अष्टमानात लिहिलेल्या प्रत्येक संख्येआधी मी ‘अ’ हे अक्षर ठेवले आहे. अ३४ म्हणजे आठ त्रिक चोवीस आणि वर चार, अर्थात २८. अ१०० म्हणजे ६४. आपल्याकडच्या ज्येष्ठ वाचकांना हा चौसष्टाचा आकडा परका वाटणार नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट, अष्टमानात बरोबर अ१००. अधेली अ४० पैशांची, पावली अ२० पैशांची, चवली अ१० पैशांची. निम्मे करत जाण्याची ती रीत आठाच्या पायाला किती जवळची होती हे या आकड्यांवरून सहज दिसते.

आता अष्टमानात साताचा पाढा लिहून पाहावा: अ७, अ१६, अ२५, अ३४, अ४३, अ५२, अ६१, अ७०. प्रत्येक ठिकाणी अंकांची बेरीज सात आहे. दशमानात नवाच्या पाढ्यात दशकाचा अंक एकेकाने वाढतो आणि एककाचा एकेकाने घटतो, तसेच येथे घडते. याचे कारण दोन्हीकडे एकच आहे. दहा, शंभर, हजार यांना ९ ने भागले तर बाकी १ उरते, म्हणून दशमानात संख्येला ९ ने भागून उरणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून उरणारी बाकी सारखीच असते. आठ, चौसष्ट, पाचशे बारा यांना ७ ने भागले तर बाकी १ उरते, म्हणून अष्टमानात तोच मान साताला मिळतो. पाया कोणताही घ्या, त्याच्याहून एकाने लहान असलेल्या संख्येला हे स्थान आपोआप लाभते. दशमानात ७ ची विभाज्यता कसोटी क्लिष्ट असल्यामुळे बहुतेक मुले ती पाठच करत नाहीत. अष्टमानात मात्र ती अगदी सोपी होते. २०२३ ही संख्या अष्टमानात अ३७४७ अशी येते. तिच्या अंकांची बेरीज २१, म्हणून तिला ७ ने भाग जातो, आणि खरोखरच २०२३ म्हणजे ७ गुणिले २८९. आणि ज्याची एवढी थोरवी गायिली जाते तो ९ अष्टमानात अ११ असा लिहिला जातो, आणि दशमानात ११ साठी आपण जी एकाआड एक अंकांची बेरीज-वजाबाकी करतो तीच त्याच्या वाट्याला येते: ८१ म्हणजे अ१२१, आणि १ वजा २ अधिक १ म्हणजे ०.

१४२८५७ या संख्येची ख्याती अशीच आहे. तिला २, ३, ४, ५, ६ यांनी गुणले तर तेच सहा अंक त्याच क्रमाने चक्राकार फिरून येतात, आणि ७ ने गुणले तर ९९९९९९ मिळतात. अष्टमानात हे काम अ१४६३ करते. तिची दुप्पट अ३१४६, तिप्पट अ४६३१, चौपट अ६३१४, आणि पाचपट अ७७७७. येथे चक्र ७ मुळे नव्हे, ५ मुळे उभे राहिले आहे. १४२८५७ ही संख्या अष्टमानात लिहिली तर तिच्यात हे चक्र उरत नाही आणि अ१४६३ दशमानात लिहिली तर ती ८१९ अशी अगदी साधी दिसते. चमत्कार संख्येत असता तर लेखन बदलल्याने तो हरवला नसता.

या विषयात महाराष्ट्राला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणाऱ्या या शिक्षकाने संख्यांच्या अंकांशी जे खेळ मांडले त्यांची दखल १९७५ मध्ये अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी घेतली आणि ते जगभर पोहोचले. त्यांच्याविषयी मला अतीव आदर आहे, आणि त्या आदरापोटीच मला वाटते की त्यांचे शोध केवळ नवल म्हणून पुन्हा पुन्हा छापण्यापेक्षा ते दुसऱ्या पायावर नेऊन तपासणे अधिक योग्य होईल. तसे केले की त्यांतील काही शोध जसेच्या तसे उभे राहतात, काही रूप बदलतात आणि एक तर पार मोडतो. आणि हे तिन्ही प्रकार शिकण्यासारखे आहेत.

कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते ती. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. अष्टमानात अशी जोडी अ३४ आणि अ४४ यांची आहे. अ३४ चा वर्ग अ१४२०, आणि अ१४ अधिक अ२० म्हणजे अ३४. अ४४ चा वर्ग अ२४२०, आणि अ२४ अधिक अ२० म्हणजे अ४४. दशमानातील जोडीची बेरीज १०० होते, अष्टमानातील जोडीचीही बेरीज अ१०० होते. नियम तोच राहिला, तो पाळणाऱ्या संख्या मात्र बदलल्या.

स्वयंभू संख्यांची गोष्ट मला त्याहून सुंदर वाटते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून पुढची संख्या तयार करायची, जसे २१ मध्ये ३ मिळवून २४. आणि जी संख्या अशा रीतीने कोणापासूनच तयार होत नाही तिला कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. दशमानात शंभरापर्यंतच्या स्वयंभू संख्या १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ या आहेत. अष्टमानात अ१०० पर्यंत हीच यादी केली तर ती अ१, अ३, अ५, अ७, अ२०, अ३१, अ४२, अ५३, अ६४, अ७५ अशी येते. संख्या वेगळ्या आहेत, कारण अ२० म्हणजे १६ आणि अ३१ म्हणजे २५. तरीही कागदावर उमटणारी अक्षरे तीच आहेत. हा गुण संख्येचा नाही हे उघडच आहे. तो स्थानिक किमतीच्या लेखनाचा गुण आहे, आणि पाया सम असला की तो असाच दिसतो.

तीन अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास दशमानात आपण ४९५ वर येऊन थांबतो (सगळे अंक सारखेच असलेल्या संख्या येथे आणि पुढेही वगळल्या आहेत). अष्टमानात अ३७४ वर थांबतो: अ७४३ वजा अ३४७ बरोबर अ३७४. ही केवळ पडताळून पाहिलेली गोष्ट नाही, तिची सिद्धता नववीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतील फरक ‘फ’ मानला तर वजाबाकीच्या उत्तरात अनुक्रमे फ वजा १, सात आणि आठ वजा फ हेच अंक येतात, मधला अंक मूळ संख्येत कोणताही असो. फ च्या सात शक्यता एकामागून एक लिहून काढल्या की प्रत्येक वाट शेवटी फ बरोबर ४ येथे मिळते, आणि तेथे अंक ३, ७, ४ असतात. दशमानात त्याच जागी ४, ९, ५ असतात. पायाच्या निम्म्याहून एक कमी, पायाहून एक कमी, पायाचे निम्मे, असा हा क्रम दोन्हीकडे एकच आहे.

चार अंकी संख्यांच्या बाबतीत मात्र साम्य संपते. कापरेकरांनी १९४९ मध्ये जाहीर केलेला ६१७४ हा स्थिरांक दशमानाचा खास आहे. अष्टमानात चार अंकी संख्येवर तीच क्रिया केली तर कोणत्याच एका संख्येवर आपण स्थिरावत नाही. काही संख्या अ३०६५, अ६१५२, अ५२४३ आणि पुन्हा अ३०६५ अशा तिघांच्या फेऱ्यात सापडतात, तर उरलेल्या अ१७७६, अ६०६२, अ६३३२, अ३७७४, अ४२४४ आणि पुन्हा अ१७७६ अशा पाचांच्या फेऱ्यात. तिसरी वाटच नाही. ज्याला शंका असेल त्याने अंक उतरत्या क्रमाने मांडून पहिल्या व शेवटच्या अंकातील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक एवढ्याच दोन गोष्टींचा तक्ता करावा. शक्यता पस्तीसच आहेत आणि एका दुपारी त्या सगळ्या तपासून होतात. यामुळे ६१७४ चे महत्त्व कमी होते असे मी मुळीच म्हणत नाही. दहाच्या पायात असे काय आहे की तेथे सगळ्या वाटा एकाच ठिकाणी मिळतात, हा प्रश्न विचारता येऊ लागतो, आणि माझ्या मते तो ६१७४ पेक्षाही मोलाचा आहे.

या ठिकाणी अंकज्योतिषाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. जन्मतारखेच्या अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत जाणे आणि त्याला मूलांक म्हणणे ही क्रिया म्हणजे संख्येला ९ ने भागून उरलेली बाकी काढणे (बाकी ० आली तर ९ धरणे), इतकेच. १५ तारखेला जन्मलेल्या व्यक्तीचा मूलांक ६ सांगितला जातो. तीच तारीख अष्टमानात अ१७ होते, तिच्या अंकांची बेरीज आठ म्हणजे अ१०, आणि अखेरचा अंक १. जन्माचा दिवस तोच, माणूस तोच, आणि केवळ आपण हाताच्या दहा बोटांवर मोजायला शिकलो म्हणून स्वभाव व भविष्य एका अंकाचे, आणि उत्तर कॅलिफोर्नियातील युकी लोकांप्रमाणे बोटांमधल्या आठ फटींवर मोजायला शिकलो असतो तर दुसऱ्या अंकाचे, हे कोणत्या न्यायाने मान्य करावे? नाव बदलण्यासाठी, घर किंवा वाहनाचा क्रमांक निवडण्यासाठी लोक या आकडेमोडीवर पैसे खर्च करतात, म्हणून ही बाब केवळ वर्गातल्या चर्चेपुरती राहत नाही.

आता दुसरी बाजू. पाया बदलला तरी ज्यांना काहीही होत नाही असे गुणही संख्यांना असतात. १३ ही मूळ संख्या अ१५ असे लिहून विभाज्य होत नाही. २८ ही संख्या तिच्याहून लहान असलेल्या विभाजकांच्या बेरजेइतकी आहे, म्हणून ती परिपूर्ण आहे, आणि अ३४ असे लिहिले तरी ती परिपूर्णच राहते. मात्र हे कायमचे गुण काही पद्धतींच्या लेखनात झाकलेले असतात आणि काहींत अक्षरशः डोळ्यांसमोर येतात. अष्टमान पद्धती शिकवावी असे मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

विषम संख्यांचे वर्ग दशमानात १, ९, २५, ४९, ८१, १२१, १६९, २२५ असे येतात, आणि त्यांच्या शेवटी १, ९, ५ यांपैकी काहीही असू शकते. तेच वर्ग अष्टमानात अ१, अ११, अ३१, अ६१, अ१२१, अ१७१, अ२५१, अ३४१ असे येतात. प्रत्येकाच्या शेवटी १ आहे, आणि पुढे कितीही दूर गेले तरी तो असणारच आहे. आता हा शेवटचा १ खोडून टाकावा. पहिल्या वर्गानंतर उरतात अ१, अ३, अ६, अ१२, अ१७, अ२५, अ३४, म्हणजेच १, ३, ६, १०, १५, २१, २८: क्रमाने येणाऱ्या त्रिकोणी संख्या, अर्थात एकपासून ओळीने संख्या मिळवत गेल्यावर येणाऱ्या बेरजा. कारण विषम संख्या म्हणजे एखाद्या संख्येची दुप्पट अधिक एक. तिचा वर्ग म्हणजे ती संख्या व तिच्या पुढची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट अधिक एक. आणि लगतच्या दोन संख्यांचा गुणाकार हा नेहमी त्रिकोणी संख्येची दुप्पट असल्यामुळे एकूण झाली त्रिकोणी संख्येची आठपट अधिक एक. आठपट करणे म्हणजे अष्टमानात शेवटी शून्य लावणे, त्यात एक मिळवला की शून्याच्या जागी १. शाळेत हे सूत्र बीजगणितातून सिद्ध करता येते आणि करावेही, पण सिद्धतेआधी ते असे दिसले तर मुलांना ती सिद्धता कशासाठी करायची हे आपोआप उमगते.

सम संख्यांचे वर्ग धरले तरी अष्टमानात वर्गसंख्येच्या शेवटी ०, १ आणि ४ एवढेच अंक येऊ शकतात. दशमानात वर्गाच्या शेवटी सहा वेगवेगळे अंक येतात, येथे तीनच. शिवाय शेवटी ४ असेल तर त्याच्या डावीकडचा अंक ० किंवा ४ च असतो: ३६ म्हणजे अ४४, १०० म्हणजे अ१४४, १९६ म्हणजे अ३०४. आता ०, १, ४ यांतून कोणतेही तीन अंक निवडून, एकच अंक पुन्हा घेण्याची मुभा ठेवून, त्यांची बेरीज करावी. बेरजेच्या शेवटी ०, १, २, ३, ४, ५, ६ हे सारे मिळतात, फक्त ७ मिळत नाही. म्हणजे अष्टमानात जिच्या शेवटी ७ आहे अशी कोणतीही संख्या तीन वर्गांच्या बेरजेने बनूच शकत नाही. ७, १५, २३, ३१, ३९ अशा संख्यांना चौथा वर्ग लागतोच, आणि चार वर्ग कोणत्याही संख्येला पुरतात हे लग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केले. एक ओळीची बेरीज करून एवढ्या अनंत संख्यांबद्दल निश्चित विधान करता येते, यासारखा आनंद शालेय गणितात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

तीन वर्ग कोणाला पुरत नाहीत याचे संपूर्ण उत्तर लजांद्र आणि गाउस यांच्या कामातून मिळाले: ज्या संख्येला आठाने भागून बाकी ७ उरते ती, आणि अशा संख्येला ४ ने एकदा किंवा अनेकदा गुणून मिळणारी संख्या, याखेरीज सर्व संख्यांना तीन वर्ग पुरतात. या सिद्धान्तातून गाउस यांचा एक सुप्रसिद्ध निष्कर्ष निघतो. १० जुलै १७९६ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी आपल्या रोजनिशीत ग्रीक अक्षरांत ‘युरेका’ असे लिहून पुढे नोंदवले की प्रत्येक संख्या ही तीन त्रिकोणी संख्यांची बेरीज असते. अष्टमानात हा निष्कर्ष जवळजवळ बोलून दाखवता येतो. कोणतीही संख्या घ्या, समजा १४, म्हणजे अ१६. तिच्यापुढे ३ हा अंक लिहा: अ१६३. हिच्या शेवटी ७ नाही आणि ती विषम आहे, तेव्हा ती तीन वर्गांची बेरीज असणारच. आणि शेवटी ३ येण्यासाठी तिन्ही वर्गांच्या शेवटी १ च असावे लागते. पाहा, अ१२१ अधिक अ३१ अधिक अ११ बरोबर अ१६३, म्हणजे ८१, २५ आणि ९ मिळून ११५. आता सगळ्यांचे शेवटचे अंक खोडा: अ१२ अधिक अ३ अधिक अ१ बरोबर अ१६. दहा, तीन आणि एक या तीन त्रिकोणी संख्या मिळून चौदा झाले. सिद्धान्ताचा अवघड भाग, म्हणजे तीन वर्ग मिळतातच हे, यात गृहीत धरलेला आहे, आणि तसे वर्गात स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु तेथून त्रिकोणी संख्यांपर्यंतचा प्रवास केवळ शेवटचा अंक खोडण्याने पुरा होतो.

परिपूर्ण संख्यांचे रूपही असेच उजळते. दशमानात ६, २८, ४९६, ८१२८, ३,३५,५०,३३६ आणि ८,५८,९८,६९,०५६ या पहिल्या सहा परिपूर्ण संख्यांकडे पाहून त्यांच्यात काही नाते असेल असे कोणाला वाटणार नाही. अष्टमानात त्या अ६, अ३४, अ७६०, अ१७७००, अ१७७७७०००० आणि अ७७७७७६००००० अशा दिसतात. युक्लिडने सांगितलेल्या सूत्राप्रमाणे या संख्या दोनाच्या एका घाताला त्याच्या पुढच्या घातातून एक वजा करून आलेल्या मूळ संख्येने गुणून मिळतात, आणि सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कोणत्याच प्रकारे मिळत नाहीत हे ऑयलर यांनी दाखवले. त्यामुळे अ३४ हा एक अपवाद वगळता प्रत्येक सम परिपूर्ण संख्या अष्टमानात दोनच साच्यांत बसते: एक, मग काही सात, मग सातांइतकीच शून्ये, किंवा काही सात, मग एक सहा, मग पुन्हा सातांइतकीच शून्ये. पहिली संख्या ६ ही दुसऱ्या साच्यातील, सात आणि शून्ये दोन्ही नसलेली. पुढे कितीही प्रचंड परिपूर्ण संख्या सापडली तरी ती सम असेल तर तिचे अष्टमानातील रूप या दोहोंपैकी एक असणार, हे आजच सांगता येते.

ज्या मूळ संख्यांतून या परिपूर्ण संख्या उभ्या राहतात त्या मर्सेन मूळ संख्याही अशाच आहेत: अ३, अ७, अ३७, अ१७७, अ१७७७७, अ३७७७७७, अ१७७७७७७. अ७ वगळता डावीकडे १ किंवा ३, बाकी सारे सात. मात्र दोनाच्या मूळसंख्येइतक्या घातातून एक वजा केला म्हणजे मूळ संख्याच मिळते असे नाही. दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केला की २०४७ मिळतात, अष्टमानात अ३७७७, आणि त्यांचे अवयव २३ व ८९, म्हणजे अ२७ व अ१३१, असे पडतात. अवयवांच्या शेवटी एकदा ७ आणि एकदा १ आला हा योगायोग नाही. घात विषम असेल तर अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाच्या शेवटी अष्टमानात १ किंवा ७ यावाच लागतो, ३ किंवा ५ कधीच येत नाही. तेविसाव्या घाताच्या संख्येला ४७ ने भाग जातो, म्हणजे अ५७. एकोणतिसाव्याच्या संख्येला २३३ ने, म्हणजे अ३५१. भागाकार करून पाहण्याआधीच निम्म्या उमेदवारांना बाजूला सारता येते, आणि हे बाजूला सारणे दशमानात शेवटचा अंक पाहून होत नाही.

अष्टमान दशमानापेक्षा श्रेष्ठ आहे असा माझा दावा नाही. ५ ची कसोटी दशमानात एका नजरेत होते, अष्टमानात त्यासाठी दोन दोन अंकांचे गट पाडून त्यांची आळीपाळीने बेरीज-वजाबाकी करावी लागते. मूळ संख्या शोधताना दशमानात शेवटचा अंक पाहून सम संख्या आणि पाचाच्या पटी दोन्ही गळतात, अष्टमानात केवळ सम गळतात. आठाचा पाया सर्वांनीच स्वीकारावा असे सुचवणारेही होऊन गेले. स्वीडनमध्ये बाराव्या चार्ल्स राजाच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १७१८ मध्ये, इमॅन्युएल स्वीडनबोर्ग यांनी तशी पद्धत लिहून काढली होती. व्यवहाराचा पाया बदलण्याचा तो आग्रह मला पटत नाही. दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहण्यात जे कळते ते कोणत्याही एकीत राहून कळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आज अष्टमान पद्धती विद्यार्थ्यांना भेटते ती बहुधा संगणकाच्या अभ्यासक्रमात, आणि तेथेही केवळ एका पद्धतीतील संख्या दुसरीत बदलण्याचे गणित म्हणून. ० आणि १ एवढेच अंक असलेल्या द्विमानातील तीन अंक मिळून अष्टमानाचा एक अंक होतो, हे त्यामागचे कारण सांगितले जाते आणि ते बरोबर आहे. युनिक्स या संगणक प्रणालीत फायलींना दिली जाणारी ७५५ सारखी परवानगी किंवा विमानाने संकटात पाठवायचा ७७०० हा संकेत अष्टमानातलाच असतो. पण तीन-तीनांचे गट पाडण्याची ही कल्पना आपल्या मुलांना मराठीच्या तासालाही भेटलेली असते. लघु आणि गुरु अशा दोनच खुणांतून तीन अक्षरांचे गण पाडले की ते आठच होतात. लघूला ० आणि गुरूला १ मानले तर न गण ० होतो, स गण १, ज गण २, य गण ३, भ गण ४, र गण ५, त गण ६ आणि म गण ७. मग तोटक वृत्ताची ओळ अ११११, भुजंगप्रयाताची अ३३३३, स्रग्विणीची अ५५५५, आणि न न म य य अशा गणांची मालिनी अ००७३३. मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी एखादा तास मिळून घेतला तर अष्टमान पद्धती मुलांना परकी वाटणार नाही.

आपल्याकडे माझी विनंती अशी की संख्यांच्या गमती छापताना त्या गमतीचे कारण आणि ती दुसऱ्या पायावर टिकते की नाही, याच्या दोन ओळी सोबत द्याव्यात. सुरुवातीला मुलांच्या पानावर १ ते ३१ या विषम संख्यांचे वर्ग अष्टमानात लिहून त्यांचा शेवटचा अंक खोडण्याचे काम द्यावे. उत्तर ताडून पाहण्यासाठी शेवटचा वर्ग येथेच देतो: ३१ चा वर्ग ९६१, म्हणजे अ१७०१, शेवटचा १ खोडल्यावर उरतात अ१७०, म्हणजे १२०, आणि एकपासून पंधरापर्यंतच्या संख्यांची बेरीज १२० च आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक गणित शिक्षक